कोकणात राहून कलेचा इतिहास शिकायचाय, पण कॉलेजात तो विषयच नाही

तुझा प्रश्न दोनदा वाचला. लांज्याजवळच्या गावातून रोज एसटीने रत्नागिरीला कॉलेजला जातेस, एसवायबीएला इतिहास घेतलायस, देवळं, मूर्ती, जुनी चित्रं बघायची ओढ आहे पण चित्र स्वतःला काढता येत नाही, कॉलेजात कलेचा इतिहास असा वेगळा विषय नाही, म्हणून हे सगळं सोडून बडोद्याला जाऊन पहिल्यापासून सुरुवात करावी का असं विचारतेयस. शिवाय युट्यूबवरची लेक्चर्स बघून नावं आणि सालं पाठ करतेस नि आठ दिवसांत विसरतेस, आणि घरी बाबा विचारतात की याने पोट भरणार का. तुला 'तू'च म्हणते, चालेल ना, माझ्या विद्यार्थिनी तुझ्याच वयाच्या असतात. मी बावीस वर्षं हा विषय शिकवतेय, आणि त्याआधी कोकणातल्याच एका कॉलेजातून इतिहास घेऊन बीए केलं, मग पुण्याला डेक्कन कॉलेजात एमए केलं, म्हणजे तू आज जिथे उभी आहेस तिथे मीही होते.

मला वाटतं तुझा प्रश्न कॉलेज कुठलं हा कमी आहे आणि अभ्यास नेमका कशाचा करायचा हा जास्त आहे. तू लिहिलंयस की "आमच्याकडे काहीच नाही, सगळं अजिंठा-वेरूळला नाहीतर युरोपात." हे वाक्य मला खटकलं, त्याच्याकडे नंतर येते. आधी कॉलेजचं.

बीएच्या पातळीवर कलेचा इतिहास मुख्य विषय म्हणून नीट शिकवणाऱ्या जागा आपल्या देशात थोड्याच आहेत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी आणि शांतिनिकेतनचं कलाभवन ही त्यातली दोन मोठी नावं, दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते. मुंबईत काही कॉलेजांत, म्हणजे सेंट झेवियर्स किंवा पार्ल्याचं साठ्ये, प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय घेता येतो, त्यात मूर्ती, मंदिरं, लेणी, नाणी असं बरंच येतं. आपल्या जवळ सावर्ड्याला आर्ट कॉलेज आहे, मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्ट आहे १८५७ पासूनचं, पण अशा ठिकाणी मुलं मुख्यतः चित्र-शिल्प करायला जातात आणि कलेचा इतिहास त्यांना थिअरीचा पेपर म्हणून असतो. तुला हाताने करायचं नाहीये, समजून घ्यायचंय, तेव्हा तो रस्ता तुझा नाही.

आता बडोद्याला जावं का, तर हे खरंच परिस्थितीवर आहे. तू बारावीला असतीस, घरची तयारी असती, चार वर्षं हॉस्टेलचा खर्च झेपणारा असता तर मी म्हटलं असतं जा, कारण तिथे शिकणाऱ्यांच्या आजूबाजूला रंगकाम, मूर्तिकाम, प्रिंट करणारी मुलं असतात आणि ते बघत बघत शिकणं वेगळं असतं. पण तू एक वर्ष पूर्ण करून दुसऱ्यात आहेस. आता सोडून जायचं म्हणजे वर्ष वाया, घरी वाद, आणि प्रवेश मिळेलच याची खात्री नाही. माझं मत विचारशील तर इतिहासाची पदवी इथेच पूर्ण कर, चांगल्या मार्कांनी कर, आणि पुढचं शिक्षण बाहेर घे. एमएला पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, पदव्युत्तर डिप्लोमा होतो, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये आधुनिक कलेच्या इतिहासाचा डिप्लोमा होतो, नोएडाला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये कलेच्या इतिहासाचं एमए आहे. एमएच्या पातळीवर बऱ्याच ठिकाणी कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, पण नियम बदलत असतात, ज्या वर्षी अर्ज करशील त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाच, कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस, माझ्याही नाही.

इतिहासाची पदवी वाया जात नाही हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. एमएला माझ्याबरोबर आर्ट कॉलेजातून आलेली मुलं होती, त्यांना रेषा, रंग, माध्यम माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळायचं. पण शिलालेख कुणाचा, राजा कुठला, पैसे कुणी दिले, त्या वेळी बंदरात काय चाललं होतं असा प्रश्न आला की मला जागा सापडायची. माणगावजवळच्या कुड्याच्या लेण्यांचंच बघ. २६ लेणी आहेत, आणि तिथल्या लेखांत दान देणाऱ्यांमध्ये स्थानिक महाभोज घराण्यातली माणसं आहेत तसे वैद्य आहेत, फुलांचा धंदा करणारा माळी आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या खाडीकाठी एक माळी लेणं कोरायला पैसे देऊ शकत होता. हे कळल्यावर त्या खोलीकडे, त्या दगडी बाकाकडे तू वेगळ्या नजरेने बघतेस की नाही? इतिहासवाल्याला हा प्रश्न आपोआप पडतो आणि ती सवय तुला आत्ताच लागतेय.

आता पाठांतराचं. नावं आणि सालं विसरतेस याचं कारण स्मरणशक्ती नाही, तू ती वस्तू बघितलेलीच नाहीस. स्क्रीनवर आठ सेकंद आली आणि गेली. आमच्या विषयात बघणं हाच अभ्यास आहे, वाचन त्याच्यानंतर. पहिल्या वर्गाला मी पुस्तक उघडू देत नाही. एक मूर्ती नाहीतर एक चित्र, अर्धा तास, समोर बसायचं आणि जे दिसतं ते लिहायचं, "सुंदर", "भव्य", "रेखीव" हे शब्द बाद. पहिल्या दहा मिनिटांत मुलांना वाटतं झालं सगळं लिहून. पंधराव्या मिनिटाला कुणाच्या तरी लक्षात येतं की एका हाताची बोटं नंतर जोडलेली आहेत, किंवा प्रभावळीचा, म्हणजे मूर्तीमागच्या कमानीचा, एका बाजूचा तुकडा वेगळ्या दगडाचा आहे. खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

एक उदाहरण नीट सांगते कारण यात मी स्वतः चुकलेय. रत्नागिरीहून जाकादेवीकडे गेलीस की कोळिसरे येतं, तिथे लक्ष्मीकेशवाचं देऊळ आहे, डोंगरउतारावर झाडीत, पायऱ्या उतरून जावं लागतं. आत विष्णूची काळ्या दगडातली उभी मूर्ती, चार हात. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म असतात एवढं आपल्या सगळ्यांना माहीत असतं. पण कुठल्या हातात काय आहे यावरून त्या विष्णूचं नाव ठरतं. चार वस्तू चार हातांत एकूण चोवीस प्रकारे ठेवता येतात, गणिताने काढून बघ, आणि संध्येत जी चोवीस नावं म्हणतात, केशव, नारायण, माधव, गोविंद, ती याच चोवीस मूर्तींची. मोजायचं कसं, तर खालच्या उजव्या हातापासून सुरू करायचं, मग वरचा उजवा, मग वरचा डावा, मग खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला की केशव. शंख, पद्म, गदा, चक्र आला की नारायण. ग्रंथाग्रंथांत काही नावांच्या क्रमात फरक आहेत, ते पुढे शिकशील, पण केशवाचा क्रम हा पक्का धर.

एमएला पहिल्या सत्रात मी अशाच एका केशवमूर्तीवर टिपण लिहिलं आणि तिला माधव म्हटलं. सरांनी वर्गात मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, भिंतीला पाठ लावून उभी राहा, आता तू मूर्ती आहेस, तुझा उजवा हात वर कर. मी केला, आणि त्या क्षणी कळलं. उजवा म्हणजे मूर्तीचा उजवा, बघणाऱ्याचा नाही. मी माझ्या उजवीकडून मोजलं होतं म्हणून क्रम उलटा आला, गदा, चक्र, शंख, पद्म, आणि तो क्रम नेमका माधवाचा आहे. चूक इतकी बेमालूम बसते की शंकाही येत नाही. तेव्हापासून मी कुठल्याही मूर्तीसमोर गेले की आधी तिच्याकडे पाठ करून उभी राहते, माझे हात तिच्या हातांच्या जागी आणते, मग वही उघडते. पुस्तकात किंवा व्हॉट्सॲपवर फोटो उलटा छापलेला असला तरी हाच घोटाळा होतो, म्हणून फोटोवरून मूर्तीचं नाव ठरवताना आजूबाजूला एखादं अक्षर, यज्ञोपवीत कुठल्या खांद्यावर आहे, असं काहीतरी तपासून बघ. जानवं साधारण डाव्या खांद्यावर असतं.

आणि अजून एक, जे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. तू देवळात दुपारी गेलीस तर मूर्ती दिसणारच नाही, वस्त्र, हार, कुठे चांदीचा मुखवटा, आयुधं सगळी फुलांखाली. मी एकदा एका गावात तीन तास ताटकळले होते, शेवटी तिथले म्हातारे गुरव म्हणाले, "बाय, उद्या सकाळी सातच्या आधी ये, देवाला न्हाऊ घालतो तेव्हा बघ." दुसऱ्या दिवशी गेले, निर्माल्य काढलेलं, अभिषेकाचं पाणी अंगावरून वाहतंय, आणि त्या ओल्या दगडावर गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी दिसत होता. गाभाऱ्यात शिरायचं नाही, उंबऱ्याबाहेरून बघायचं, फोटोला परवानगी नसेल तर काढायचा नाही, आणि काढलाच तर गुरवांना एक प्रिंट नेऊन द्यायची. गावात नाव चांगलं राहिलं तर पुढची दहा वर्षं दारं उघडी राहतात.

आता तुझं ते "आमच्याकडे काहीच नाही". मला माहितीये हे कुठून येतं. आपल्याकडची देवळं घाटावरच्यासारखी नखशिखान्त कोरलेली नाहीत म्हणून लहानपणापासून आपण ऐकतो की कोकणात शिल्पकला नाही. पण कारण विचार. आपला दगड कुठला? जांभा. हाताने चोळलास तरी पूड पडते, भोकाभोकाचा, त्याच्यात डोळ्याची पापणी कशी कोरणार? चिरे पाडून भिंत बांधायला तो उत्तम, नक्षीला निरुपयोगी. म्हणून इथे मूर्तीसाठी वेगळा, घट्ट काळा दगड वापरलेला दिसतो आणि कोरीवकामाची हौस लाकडात भागवलेली दिसते, सभामंडपाचे खांब, तुळया, छताच्या पट्ट्या. संगमेश्वरजवळ कसब्याला कर्णेश्वराचं देऊळ बघ, ते काळ्या दगडात आहे आणि तिथे लगेच कोरीवकामाला बहर आलाय, दाराची चौकट, खांब, छत, एकेक जागा बघण्यासारखी. माध्यम बदललं की कला कशी बदलते हे शिकायला परदेशातली पुस्तकं लागत नाहीत, लांजा ते कसबा एसटीचं तिकीट पुरतं.

तुझ्या शेजारच्या राजापूर तालुक्यात कशेळी आहे. एकाच गावात कनकादित्याचं सूर्यमंदिर, शिलाहार राजा दुसरा भोज याचा इ.स. ११९१ चा ताम्रपट, आणि सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कातळशिल्पांतला, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेल्या आकृत्यांतला, एक मोठा हत्ती, साधारण १८ मीटर लांब, ज्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, रुंढ्येतळी, खाली सिंधुदुर्गात कुडोपी, ही सगळी कशेळीबरोबर २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तुझ्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखी ठिकाणं आहेत ही.

कातळशिल्पांवर मी मुलांना मुद्दाम नेते कारण तिथे आपल्या विषयाच्या मर्यादा कळतात. सोबत लेख नाही, राजाचं नाव नाही, देव कुठला ते माहीत नाही, काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. मग काय सांगू शकतो आपण? रेषा किती खोल आहे, कोरून काढलीय की आकाराच्या बाजूचा भाग खणून आकार उठवलाय, कुठला आकार दुसऱ्यावरून गेलाय, म्हणजे आधी कुठला नंतर कुठला. एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. दुसरं म्हणजे हे सगळे फोटो आपण ड्रोनचे बघतो. कोरणाऱ्याने तो हत्ती कधीच वरून बघितला नसणार. तो वाकून, बसून, सरकत सरकत कोरत होता. सड्यावर उभं राहिलं की हत्ती अख्खा दिसतच नाही, त्याच्याभोवती चालावं लागतं आणि चालता चालता तो जोडत जावा लागतो. ही गोष्ट स्क्रीनवर कधीच कळत नाही. जायचं तर सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, तिरपा उजेड पडला की खाचा सावलीने भरतात आणि रेषा उठून येते, भर बाराला सगळं सपाट दिसतं. पावसाळा संपल्यावर गवत वाढलेलं असतं, ते वाळून बसलं की जा. चपला काढून शिल्पाच्या कडेकडेने चाल, खडूने रेषा भरायच्या नाहीत, कुणी भरत असेल तर थांबव.

नव्या काळातलं हवं असेल तर तेही कोकणात आहे. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार विनायक करमरकरांचं घर आहे, आता संग्रहालय. त्यांचा जन्म १८९१ चा, पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. पण सासवण्यात जाऊन तू त्यांची सिमेंटमधली कामं बघ. सिमेंट म्हटलं की आपल्याला स्लॅब आठवतो, आणि इथे त्याच सिमेंटमधून माणसाची मऊ कातडी आणि जनावराचं हाडपेर काढलंय. आपण हात लावायचा नाही, नजरेनेच बघायचं की पृष्ठभाग कुठे गुळगुळीत ठेवलाय आणि कुठे मुद्दाम खरबरीत.

सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर तुला माहीत नसतील कदाचित, पण त्यांचं चित्र तू नक्की बघितलंयस. साडी नेसलेली तरुण बाई, हातात दिवा, एका हाताने ज्योत झाकलीय आणि बोटांतून लालसर उजेड झिरपतोय. हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि कॅलेंडरवर, व्हॉट्सॲपवर सर्रास राजा रवि वर्म्याच्या नावावर फिरतं. रवि वर्मा १९०६ साली गेले, हे चित्र १९४०च्या दशकातलं. जलरंगातलं आहे, आणि रवि वर्म्यांची ओळख तैलरंगांची. बाकी काही माहीत नसताना नुसतं साल आणि माध्यम एवढ्या दोन गोष्टींवरून चुकीचं नाव बाजूला करता येतं. तू सालं पाठ का करायची विचारतेस ना, याच्यासाठी.

पाठांतराला मी एक पद्धत सांगते जी माझ्या मुलांना लागू पडते. एकेकटं चित्र लक्षात ठेवायचं नाही, जोडी लावायची. घारापुरीच्या लेण्यातला शिव आणि दापोलीकडच्या पन्हाळेकाजीच्या लेण्यांतलं एखादं शिल्प शेजारी ठेव. घारापुरी सहाव्या शतकातली, पन्हाळेकाजीच्या २९ लेण्यांत आधी सुरुवातीचे बौद्ध, मग वज्रयान हा बौद्धांचाच तांत्रिक पंथ, मग गणपतीला मुख्य देव मानणारे गाणपत्य आणि नाथ संप्रदाय असे थर आहेत. आकार बघ, खोली बघ, शरीर कसं वळलंय ते बघ, कुणाला दाखवायला केलंय ते विचार. फरकाची पाच वाक्यं लिहिलीस की शतक विसरणार नाहीस, कारण ते शतक आता तुझ्या युक्तिवादाचा भाग झालेलं असतं. परीक्षेतही "वैशिष्ट्ये लिहा" म्हटलं की सगळे एकच यादी लिहितात, तू तुलना करून लिहिलंस तर तपासणाऱ्याला लगेच कळतं की या मुलीने बघितलंय.

वहीबद्दल थोडं. फोटो काढ, पण आधी रेखाटन कर. चित्र येत नाही म्हणतेस, तुला कुणी प्रदर्शन लावायला सांगत नाहीये, काडीची माणसं काढ, बाण काढून लिही "इथे तुटलंय", "इथे शेंदूर". हाताने रेषा ओढताना डोळ्याला त्या जागेवर थांबावंच लागतं, तेवढ्यासाठी. शब्द लिहिताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहित जा, पुढे वाचन इंग्रजीत बरंच करावं लागेल आणि गावात विचारपूस मराठीतच होणार. संस्कृत मायनर मिळत असेल तर घे, मोडी सुट्टीत शिक, ब्राह्मी या जुन्या लिपीची अक्षरं ओळखायला महिना पुरतो.

वहीचं महत्त्व मला एका प्रसंगाने पक्कं कळलं. आमच्या भागातल्या एका गावात ग्रामदेवतेचं जुनं देऊळ होतं, नाव लिहित नाही. फणसाच्या लाकडाचे खांब, वर कमळाची पाकळी, तुळईवर ओळीने पालखी, वाजंत्री, घोडेस्वार कोरलेले. माझ्या एका विद्यार्थिनीने एसवायच्या प्रोजेक्टला ते देऊळ घेतलं, चार रविवार जाऊन प्रत्येक खांब टेपने मोजला, तुळईवरच्या सगळ्या माणसांच्या पगड्या काढल्या, कारण तिला पगड्यांवरून काळ सांगता येतो का बघायचं होतं. तीन वर्षांनी जीर्णोद्धार झाला. लोकांनी श्रद्धेनेच केला, मुंबईच्या चाकरमान्यांनी पैसे पाठवले, स्लॅब पडला, ग्रॅनाइट बसलं. खांबांचं काय झालं ते मी विचारलं तर काही जळणात गेले होते, काही कुणाच्या तरी गोठ्याला लागले होते. मी त्या गोठ्यात जाऊन एक खांब बघितला, पाकळ्यांवर शेणाचे शिंतोडे, मला बोलता येईना. आज त्या सभामंडपाची मापं एकाच ठिकाणी आहेत, त्या मुलीच्या दोनशे पानी वहीत. एकोणीस वर्षांची होती ती तेव्हा. म्हणून तू "मी अजून नुसती बीएलाच आहे" असं लिहिलंस ते मला पटलं नाही.

गावाच्या वेशीवर, देवळामागे, आंब्याखाली उभे दगड असतील तेही बघ. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, खालून वर वाचायचा असतो, खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेतायत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्रसूर्य. बांगड्या घातलेला काटकोनात वळलेला हात दिसला की ती सतीशिळा, सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड. गावात त्यांना कुठलातरी देव म्हणून शेंदूर लावलेला असतो. शेंदूर खरवडायचा नाही, आहे तसं लिहून घ्यायचं आणि गावात त्या दगडाला काय म्हणतात, नारळ कधी देतात तेही लिहायचं, ते सुद्धा त्या दगडाच्या इतिहासातच येतं.

बाबांचं. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्यांना खोटं सांगू नकोस. या विषयात नोकऱ्या कमी आहेत. संग्रहालयं, आर्ट गॅलऱ्या, लिलावगृहं, पुरातत्त्व खातं, दस्तऐवजीकरणाचे प्रकल्प, प्रकाशन, शिकवणं, हेरिटेज वॉक, एवढ्या वाटा आहेत, पण कायमची जागा मिळायला वेळ लागतो, पदवी, एमए, एखादी इंटर्नशिप, प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा असं करत पाच-सात वर्षं सहज जातात. आधीची काही वर्षं कंत्राटी कामाची असतात, मीही चार वर्षं तासिका तत्त्वावर काढलीत. घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर इतिहासावर बीएड करून ठेवणं यात काही कमीपणा नाही, शाळेत इतिहास शिकवत शिकवत फार चांगलं काम करणारी माणसं मी कोकणात बघितली आहेत, सुट्ट्या मिळतात, गावं ओळखीची होतात. बाबांना हे आकडे नाही पण क्रम सांग, पहिल्या वर्षी काय, तिसऱ्या वर्षी काय, कुठे थांबून परत विचार करणार. आणि जमलं तर एकदा त्यांना बरोबर ने. माझे वडील मला "दगड बघायला जाते" म्हणायचे. एकदा कर्णेश्वराला बरोबर आले, ते सुतारकाम करायचे, दाराच्या चौकटीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, सांधा कुठाय ते दिसत नाही. याने पोट भरणार का, असं नंतर त्यांनी परत विचारलं नाही.

तेव्हा थोडक्यात, पदवी इथेच, एमए बाहेर, आणि मधली दोन वर्षं आठवड्याला एक वस्तू. त्यातलं पहिलं काम आत्ताच देते. तू लिहिलंयस की तुमच्या गावच्या देवळात चार हातांची एक मूर्ती आहे आणि सगळे तिला नुसतं "देव" म्हणतात. गुरवकाकांना आदल्या दिवशी सांगून ठेव, सकाळच्या पूजेला जा, बरोबर टेप, पेन्सिल, कोऱ्या पानांची वही. उंची काकांनाच मोजायला सांग, तू आकडा लिही. मूर्तीकडे पाठ करून उभी राहा, हात मोज, मग क्रम लिही. दगडाचा रंग लिहिताना नुसतं "काळा" लिहून सोडू नकोस, अभिषेकाच्या वेळी ओला असताना बघ आणि पुसून कोरडा झाल्यावर परत बघ, दोन्ही लिही. पान भरलं की मला दाखव.